टप्प्याने मोजणी आणि पाढे : प्रारंभिक गणित-अध्यापनाचा एक विचार

प्रास्ताविक

मूल एक, दोन, तीन असे मोजू लागल्यानंतर आणि गुणाकाराचे चिन्ह त्याच्या वहीत येण्यापूर्वी प्राथमिक गणितात एक छोटासा घटक येतो. तो म्हणजे टप्प्याने मोजणी. दोन, चार, सहा, आठ. पाच, दहा, पंधरा, वीस. दहा, वीस, तीस. इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून यालाच 'स्किप काउंटिंग' असे म्हणतात. सराव पाठांचे निरीक्षण करताना असे आढळते की, या घटकासाठी एक-दोन तासिका पुरेशा मानल्या जातात आणि 'म्हणून घेणे' हीच अध्यापनाची पद्धती ठरते. शिक्षक म्हणतात, वर्ग एका सुरात मागून म्हणतो, घटक पूर्ण होतो. त्यानंतर पाढ्यांचे पाठांतर सुरू होते व टप्प्याच्या मोजणीकडे पुन्हा कोणी वळून पाहत नाही.

प्रस्तुत लेखात या घटकाचे स्वरूप, त्यामागील संकल्पनात्मक अडचण, मराठी संख्यानामांशी व पाढ्यांच्या परंपरेशी असलेला त्याचा संबंध आणि अध्यापनाच्या काही पद्धती यांचा विचार केला आहे. वरिष्ठ महाविद्यालयातील अध्यापकास हा विषय बालवाडीचा वाटण्याची शक्यता आहे. परंतु अंकगणिती श्रेढी, विभाज्यता, मसावि-लसावि आणि पुढे शेषांचे अंकगणित या सर्वांचा उगम याच उड्यांमध्ये आहे. शिवाय शिक्षणशास्त्राच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारा छात्राध्यापक उद्या हाच घटक शिकविणार असल्याने त्याची चिकित्सा करण्याचे काम आपलेच आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान यांस अग्रक्रम दिला आणि ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाने ही क्षमता २०२६-२७ पर्यंत प्राप्त करावी, असे उद्दिष्ट ठेवले. उद्दिष्टे कागदावर सहज मांडता येतात. ती एका मुलाच्या बोटांवर व चिंचोक्यांवर कशी उतरतात, हा खरा प्रश्न होय.

एका शब्दात दोन वस्तू

रोशेल गेलमन व सी. आर. गॅलिस्टेल यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मोजणीची पाच तत्त्वे सांगितली. प्रत्येक वस्तूस एकच संख्यानाम. संख्यानामांचा क्रम स्थिर. अखेरचे संख्यानाम म्हणजे समूहाची संख्या. कोणत्याही वस्तू मोजता येतात. आणि कोठूनही आरंभ केला तरी उत्तर तेच. यांपैकी पहिले तत्त्व मुलाच्या अंगवळणी पडण्यास बराच काळ लागतो. तीन-चार वर्षांचे मूल वस्तूवर बोट ठेवताना कधी एक वस्तू वगळते, कधी एकाच वस्तूस दोनदा मोजते. पुष्कळ सरावानंतर 'एक बोट, एक शब्द' हा नियम पक्का होतो.

टप्प्याने मोजणी शिकविताना आपण मुलास नेमका हाच नियम मोडावयास सांगतो, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. आता एका शब्दात दोन वस्तू सामावतात. मुलाच्या दृष्टीने ही केवळ वेगाने केलेली मोजणी नव्हे, तर येथे मोजण्याचे एककच बदलते. दोन चिंचोक्यांची जोडी ही 'एक' वस्तू मानावयाची, त्याच वेळी तिच्यात दोन चिंचोके आहेत हेही विसरावयाचे नाही. एक आणि दोन या दोन्ही दृष्टींनी एकाच गोष्टीकडे एकाच क्षणी पाहणे हे सहा-सात वर्षांच्या मुलासाठी लहान काम नाही. गुणाकाराचे सारे मर्म याच दुहेरी दृष्टीत आहे.

ज्या मुलास ही दृष्टी आलेली नाही, त्याची चूक ठरावीक असते. दहा चिंचोके समोर ठेवून 'दोन-दोनने मोज' असे सांगितले, तर ते एकेका चिंचोक्यावर बोट ठेवत दोन, चार, सहा असे म्हणत जाते आणि शेवटी 'वीस' असे उत्तर देते. शब्दक्रम अचूक असतो, एकास-एक संगतीही अचूक असते. चुकते ते एकक. कित्येक शिक्षक येथे 'लक्ष दे' एवढेच सांगतात. वास्तविक मूल पूर्ण लक्ष देऊन, आपणच पूर्वी शिकविलेल्या नियमाचे पालन करीत असते.

दुसरी अडचण उरलेल्या वस्तूची. अकरा चिंचोके दोन-दोनने मोजताना दहापर्यंत येऊन एक चिंचोका उरला की अनेक मुले 'बारा' म्हणतात. शब्दांची गती त्यांना पुढे ओढून नेते. ज्या मुलास टप्पा म्हणजे काय हे उमगले आहे, ते येथे क्षणभर थांबते, टप्पा बदलते व 'अकरा' म्हणते. ही क्षणभराची थांबणी फार मोलाची आहे. एक दहाची नोट, एक पाचाचे नाणे, दोन दोनाची नाणी व एक रुपया मोजताना दहा, पंधरा, सतरा, एकोणीस, वीस असे टप्पे बदलत जावे लागते. आपण प्रौढ माणसे दुकानात हे नकळत करतो म्हणून त्याची अवघडता जाणवत नाही.

आपल्याकडील सागरगोट्यांच्या खेळात ही सारी संकल्पना फार पूर्वीपासून आहे. पाच सागरगोटे घ्यावयाचे, एक वर उडवावयाचा आणि तो खाली येईपर्यंत जमिनीवरील चारांपैकी आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन व उरलेला एक, शेवटी चारही एकदम उचलावयाचे. एकेक उचलले तर चार वेळा, दोन-दोन उचलले तर दोन वेळा, आणि तीनाच्या डावात एक उरतोच. भागाकार व बाकी यांचा इतका निर्दोष पाठ क्रमिक पुस्तकात शोधून सापडणार नाही! खेळणाऱ्या मुलींना त्यास गणित म्हणतात हे कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

साखळी तुटते का?

कॅरन फ्यूसन यांनी १९८८ सालच्या आपल्या ग्रंथात मुलांच्या संख्यानामांच्या क्रमाचे काही स्तर वर्णिले आहेत. आरंभी 'एकदोनतीनचार' हा एकच सलग ध्वनी असतो. मग शब्द सुटे होतात, पण क्रम अखंडच राहतो. मधून सुरुवात करता येत नाही. त्यानंतर साखळी तुटू लागते, म्हणजे 'सातपासून पुढे' म्हणता येते. पुढे त्या शब्दांचीच मोजणी करता येते आणि अखेरीस साखळी दोन्ही दिशांनी चालू लागते. फ्यूसन यांचे विवेचन मुख्यतः एकेकाच्या मोजणीसंबंधी आहे. तथापि प्रस्तुत लेखिकेच्या मते, हीच कसोटी टप्प्याच्या मोजणीस व पाढ्यांस लावून पाहिल्यास आपल्या वर्गांतील एक नित्याची घटना स्पष्ट होते.

तिसरी-चौथीच्या मुलास 'सात चोक किती?' असे विचारावे. अनेक मुले ओठ हलवीत 'सात एके सात, सात दुणे चौदा' येथून प्रारंभ करतात व अठ्ठावीसवर येऊन थांबतात. उत्तर बरोबर असते. आता 'अठ्ठावीसच्या पुढे सातची आणखी एक उडी मारली तर?' असे विचारले की, त्यांपैकी काही पुन्हा 'सात एके'पासून निघतात. पाढा आहे, परंतु तो अखंड साखळीच्या स्तरावर आहे. अठ्ठावीस आणि पस्तीस यांच्यामध्ये सातांचे अंतर आहे, ही जाणीव त्या पाढ्यात नाही. अशा मुलास सातवा पाढा पाठ असूनही तो विसरताच त्याच्या हाती काहीच उरत नाही. उलट टप्पा समजलेले मूल 'सात पंचे' विसरले तरी अठ्ठावीसमध्ये सात मिळवून पुढे जाते. पाठांतर करणाऱ्या दोन मुलांत बाहेरून काहीही फरक दिसत नाही. तो फरक भागाकाराच्या वेळी दिसतो आणि तोपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

याचा अर्थ पाढे टाकून द्यावेत असा मुळीच नाही. पाढ्यांवर टीका करण्याची एक रूढ पद्धत अलीकडे शैक्षणिक लेखनात दिसते, ती एकांगी वाटते. मराठी पाढा हे ध्वनिदृष्ट्या अत्यंत कुशल साधन आहे. 'बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ' या रचनेत एके, दुणे, त्रिक, चोक ही उड्यांची गणती आहे आणि बे, चार, सहा, आठ हे उडी पडल्याचे स्थान आहे. म्हणजेच पाढा ही दुहेरी मोजणी असून टप्प्याची मोजणी तिचा अर्धा भाग होय. अंकलिपीत पाढा छापताना केवळ २, ४, ६, ८ असा उभा स्तंभ दिलेला असतो. उड्यांची गणती मुखाने पुरविली जाते. जुन्या पिढीतील पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे तर अपूर्णांकाच्या टप्प्यांचे पाढे. औटकी म्हणजे साडेतीनाचा टप्पा! व्यवहारातील मापे बदलली तशी ही परंपरा मागे पडली. ती जशीच्या तशी परत आणण्याचे कारण नाही; मात्र टप्पा पूर्णांकच असला पाहिजे असे नाही, हा विचार तिच्यात सहज होता.

अडचण पाढ्यात नाही, क्रमात आहे. आधी पाढा आणि मग कधीतरी त्याचा अर्थ, असे आपण करतो. टप्पा आधी हातापायांनी अनुभवला, उड्यांच्या जागा कागदावर उमटल्या आणि नंतर त्यांवर 'बे एके बे'चा साज चढविला, तर तोच पाढा मुलास आपल्या अनुभवाचे संक्षिप्त रूप वाटेल. जेरोम ब्रूनर यांनी सांगितलेला कृती, प्रतिमा व चिन्ह हा अनुक्रम येथे नेमका लागू पडतो.

मराठी संख्यानामांचा प्रश्न

टप्प्याच्या मोजणीचा विचार भाषेवाचून अपुरा राहतो. इंग्रजीत वा कन्नडमध्ये वीसच्या पुढे दशक आधी व एकक नंतर येतो. कन्नड माध्यमातील मूल 'इप्पत्तोंदु' म्हणते तेव्हा वीस आधी ऐकू येतात. मराठीत 'एकवीस' म्हणताना एकक आधी, लिहिताना मात्र २ आधी. त्यातच एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस ही वजाबाकीची नावे. एकोणनव्वदपर्यंत हा नियम टिकतो आणि नव्व्याण्णवपाशी सुटतो.

२०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन देण्यात आले, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला व त्याचे पडसाद विधिमंडळातही उमटले. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरयुक्त संख्यानामे व उलटा क्रम यांमुळे मुलांना होणारा त्रास हे त्यामागील कारण सांगितले होते. त्या वादात भाषेची अस्मिता पुष्कळ बोलली गेली, वर्गातील मूल कमी बोलले गेले. भूमिका कोणतीही असो, अडचण खरी होती हे मान्य करावयास हवे.

तथापि टप्प्याच्या मोजणीच्या संदर्भात मराठी नावांची एक जमेची बाजू आहे व तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. तीनपासून दहाच्या टप्प्याने जाऊन पाहू : तीन, तेरा, तेवीस, तेहेतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव. दहा मिळविले तरी एकक बदलत नाही, ही गोष्ट प्रत्येक नावाच्या आरंभीच कानावर पडते. फळ्यावर ३, १३, २३, ३३ असा उभा स्तंभ लिहून नावे मोठ्याने म्हटली तर डोळ्यांना उजवीकडचा ३ व कानांना आरंभीचा 'ते-त्रे' एकाच वेळी मिळतो. दोनच्या टप्प्यातही बावीस, चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस यांचे आरंभ बारा, चौदा, सोळा, अठरा यांची आठवण देतात. पाचाच्या टप्प्यात पंधरा, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट असा 'प'कार एक सोडून एक येत राहतो. हे साम्य शिक्षकाने सांगू नये. मुलांना शोधू द्यावे.

शुद्ध दशकांच्या बाबतीत मात्र मराठी मदत करीत नाही. वीस या शब्दात दोन ऐकू येत नाहीत, पन्नासमध्ये पाच अस्पष्ट आहेत. म्हणून दहा, वीस, तीस म्हणताना सुरुवातीस 'दहाचा एक गठ्ठा, दहाचे दोन गठ्ठे' अशी जोड देणे इष्ट. काड्यांचे गठ्ठे रबराने बांधून प्रत्यक्ष हाती द्यावेत.

प्रसंगाने एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. धान्य मापाने मोजताना पहिल्या मापास 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याची रीत आपल्याकडे होती. शब्द बदलला तरी मोजणी बिघडत नाही, कारण माप तेच राहते. मोजणी शब्दांत नसून समान मापाच्या पुनरावृत्तीत आहे.

कोणता टप्पा आधी, कोणते साधन

दोन, दहा व पाच हे टप्पे आरंभी घ्यावेत याविषयी फारसे दुमत नाही. दोन म्हणजे डोळे, हात, चपला. दहा म्हणजे दोन्ही हातांची बोटे. पाच म्हणजे एक हात. तीन आणि चार नंतर. सहा, सात, आठ यांची घाई दुसरीत करण्याचे प्रयोजन दिसत नाही.

आरंभ एकेकाच्या मोजणीतच, परंतु आवाजातील चढउताराने करावा. 'एक' हळू, 'दोन' मोठ्याने. 'तीन' हळू, 'चार' मोठ्याने. काही दिवसांनी हळू म्हटलेले शब्द मनातल्या मनात म्हणावयाचे व केवळ मोठे शब्द उच्चारावयाचे. टप्प्याची मोजणी म्हणजे वगळणे नसून गाळलेले शब्द मनात धरून ठेवणे आहे, हे या कृतीतून आपोआप कळते. तीनच्या टप्प्यास दादऱ्याची तीन-तीन मात्रांची लय व चारच्या टप्प्यास केरव्याची चार-चार मात्रांची लय चांगली साथ देते. संगीताची जाण असलेल्या छात्राध्यापकांनी हा प्रयोग करून पाहावा.

त्यानंतर मण्यांची माळ. शंभर मण्यांची, दहा-दहा मण्यांनी रंग बदलणारी माळ भिंतीवर ताणून बांधावी व टप्प्यावर चिमटा लावावा. माँटेसोरी पद्धतीत प्रत्येक संख्येच्या रंगीत मण्यांच्या साखळ्या याच हेतूने असतात. ते साहित्य महाग असते. पण ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात स्थानिक साहित्यातून बालशिक्षणाची साधने उभी करण्याचा जो पायंडा पाडला, तो पाहता साहित्याचा अभाव ही सबब महाराष्ट्रात तरी देता येऊ नये. चिंचोके, शिंपले, दोरा व सुई एवढ्यावर काम भागते.

संख्यारेषेवर एक सावधगिरी हवी. जमिनीवर खडूने रेषा आखून मुलास शून्यावर उभे केले व 'तीनची उडी' म्हटले, तर पुष्कळ मुले शून्यालाच 'एक' म्हणतात आणि दोनवर जाऊन थांबतात. पुढची उडी चारवर. मूल खुणा मोजते, अंतरे मोजत नाही. पट्टीने लांबी मोजताना पुढे जी चूक होते तिचे बीज हेच. म्हणून उडी मारताना पाय उचलल्यावरच 'एक' म्हणावयाचे, हा नियम घालून द्यावा.

शंभरचा तक्ता हे साधन सर्वत्र उपलब्ध असून सर्वांत कमी वापरले जाते. एका ओळीत दहा संख्या असलेल्या तक्त्यात पाचाचा टप्पा रंगविला तर दोन उभे पट्टे मिळतात, दोनाचा टप्पा पाच पट्टे देतो. तीनचा टप्पा मात्र तिरका धावतो. ३ च्या खालच्या ओळीत १२, त्याखाली २१. दर ओळीस रंग एक घर डावीकडे सरकतो. का? कारण एक ओळ खाली व एक घर डावीकडे म्हणजे दहा मिळवून एक वजा, अर्थात नऊ, आणि नऊ म्हणजे तीनचे तीन टप्पे. नऊचा टप्पा म्हणूनच ९, १८, २७ असा ८१ पर्यंत सरळ कर्णावर उतरतो. दुसरीतील मुलास हे कारण शब्दांत सांगता येणार नाही, पण पुढचे घर कोणते हे ते बोट ठेवून दाखविते.

थोड्या मोठ्या मुलांसाठी याच विचाराचा एक सुंदर विस्तार आहे. वर्तुळावर समान अंतरावर ० ते ९ असे दहा बिंदू घ्यावेत आणि टप्प्यात येणाऱ्या संख्यांचे केवळ एकक अंक क्रमाने जोडावेत. दोनचा टप्पा पंचकोन देतो. चारचा टप्पा ०, ४, ८, २, ६, ० असा जाऊन पाच टोकांची चांदणी काढतो. तीनचा टप्पा दहाही बिंदूंना स्पर्श करून दहा टोकांची चांदणी काढतो आणि सातचा टप्पा तीच चांदणी उलट्या दिशेने काढतो. दोन व आठ, चार व सहा, एक व नऊ यांच्या जोड्याही अशाच. ज्या जोडीची बेरीज दहा, तिची आकृती एकच. पदवीच्या वर्गात शेषगट शिकविणाऱ्या सहकाऱ्यांनी ही आकृती आपल्या विद्यार्थ्यांनाही काढावयास सांगण्यास हरकत नाही.

उलट्या दिशेची मोजणी बहुतेक वर्गांत होतच नाही. वीस, अठरा, सोळा असे खाली येणे म्हणजे समान भाग काढून घेणे, आणि तोच भागाकार. शून्यावर पोचलो तर निःशेष. न पोचलो तर बाकी. तेवीसपासून पाचाच्या टप्प्याने खाली आल्यास अठरा, तेरा, आठ, तीन. येथे थांबावे लागते. चार वेळा उतरलो, तीन उरले. भागाकाराची मांडणी शिकविण्यापूर्वी ही उतरण अनेकदा झालेली असावी.

मूल्यमापन

छात्राध्यापकांच्या पाठ टाचणांत 'विद्यार्थी २ च्या टप्प्याने ५० पर्यंत संख्या म्हणतो' असे उद्दिष्ट लिहिलेले असते. हे उद्दिष्ट मुखाचे आहे, आकलनाचे नव्हे. त्याऐवजी तीन लहान कृती देता येतील. तेवीस चिंचोके देऊन पाचाच्या टप्प्याने मोजावयास सांगणे व वीसनंतर मूल 'पंचवीस' म्हणते की 'एकवीस, बावीस, तेवीस' म्हणते ते पाहणे. चौदापासून दोनच्या टप्प्याने पुढे व मग मागे जावयास सांगणे. आणि तीस ही संख्या दोनच्या टप्प्यात भेटेल का, पाचाच्या भेटेल का, चारच्या भेटेल का, हे न मोजता सांगता येते का ते विचारणे. तिसऱ्या प्रश्नावर मूल अडखळले तर त्यास मण्यांच्या माळेपाशी जाऊ द्यावे. ते तिकडे आपणहून वळले, हीदेखील नोंद करण्यासारखी बाब आहे. प्रत्येक मुलामागे चार-पाच मिनिटे लागतात. चाळीस मुलांच्या वर्गात दररोज पाच मुले घेतल्यास आठ दिवसांत वर्ग पूर्ण होतो, आणि शालेय अंतर्वासितेच्या वेळापत्रकात एवढे दिवस छात्राध्यापकाच्या हाती नक्कीच असतात.